घुबडछाप एकनळी

२३ सप्टेंबर

प्रिय आर्वो,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. आधी कुठंतरी बस. चष्मा शोध, कॉफी करून घे, आणि मग वाच. मी आयली, रेइनोची बहीण. हे सांगायची गरज नसेलही, पण संधिवातानं माझी बोटं वाकडी झालीत आणि अक्षर इतकं बदललंय की तू ओळखशील याची मला खात्री नाही. तुझा पत्ता मला तुझ्या बहिणीच्या मृत्यूच्या बातमीत मिळाला. ‘मागे भाऊ आर्वो, राहणार ऑरेगन’ असं छापलं होतं. मग गावाचं नाव शोधून काढायला फार वेळ लागला नाही. इर्माला पोचवायला तू येशील असं मला वाटलं होतं. चर्चमध्ये मी मुद्दाम मागच्या बाकावर बसले, दार दिसावं म्हणून. तू आला नाहीस. मला त्याचं वाईट वाटलं, राग नाही आला. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते.

इकडचं विचारशील तर बर्च पिवळे पडायला लागलेत. परवा पहिलं दव गोठलं आणि माझे उरलेसुरले टोमॅटो काळे पडले. तू कामाला जायचास ती लाकडाची गिरणी कधीच बंद झाली, तिथं आता नुसतं गवत आहे. को-ऑपचं दुकान गेलं, त्या जागी पेट्रोल पंप आलाय, आणि तिथं मिळणारी मांस-बटाट्याची पेस्टी खाण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. आमचा सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, मात्र उभा आहे. दर शनिवारी तापवते. एकटीसाठी एवढी लाकडं जाळायची म्हणून मुलगा रागावतो. वर्नर, माझा नवरा, जाऊन आता बरेच हिवाळे झाले. तो इंजिनं दुरुस्त करायचा, कमी बोलायचा. माझं बरं चाललं होतं त्याच्याबरोबर.

आणि तुला हसू येईल असं एक सांगते. या सगळ्या भागात मी आता बंदुकांची जाणकार समजली जाते. भारी बंदुका नाहीत हं, त्या ओळखणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे येतात त्या जुन्या, स्वस्तातल्या. संग्राहक ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत अशा एकनळ्या. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरतो, तिथं कोपऱ्यात मला एक टेबल देतात. कुणी आजोबांची बंदूक टॉवेलात गुंडाळून आणतो आणि म्हणतो, “आयलीकाकू, जरा बघा ना, हिच्यावर नाव आहे ते कुठंच सापडत नाही. काही दुर्मीळ आहे का?” मी म्हणते, “दुर्मीळ कसली! ते नाव दुकानाचं आहे रे. पूर्वेकडच्या एकाच कारखान्यातून हीच बंदूक निघायची. लोखंडी सामानवाला म्हणेल ते नाव एकीवर, कॅटलॉगवाला म्हणेल ते दुसरीवर.” त्याचा चेहरा पडतो. मग मी तिची नळी खाली वाकवून ती उघडते, नळीखालचं लाकूड सोडवते, घोड्याचा आकार दाखवते, आणि कुठल्या कारखान्यातली, साधारण कुठल्या काळातली, ते सांगते. एवढ्यानंसुद्धा माणसं खूश होऊन जातात. आजोबांना पुन्हा भेटल्यासारखं होतं त्यांना.

या बंदुकांवर माझा जीव बसलाय, आर्वो. बहुतेकींच्या बर्चच्या लाकडाला अक्रोडाचा रंग फासलेला. दस्त्यावरची नक्षी हातानं कोरलेली नाही, तापलेल्या साच्यानं दाबलेली. अठ्ठावन्न-साठ साली तर स्वस्त बंदुकीवर क्रमांकसुद्धा टाकत नसत, कायद्यानं ते नंतर आलं. पण लोकांनी केलेल्या दुरुस्त्या बघशील तर थक्क होशील. मोडलेल्या दस्त्याला तांब्याच्या तारेचे वेढे. खांद्याला लागू नये म्हणून जुन्या बुटाची जीभ कापून ठोकलेली. तुटलेल्या स्क्रूच्या जागी घासून घासून बसवलेला खिळा. खाणीतून घरी येऊन, जेवून, दिव्याखाली कुणीतरी ते करत बसलेला असणार. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती आणि सकाळी पातेल्यात ससा पडायला हवा होता. वर्नर मला चिडवायचा, “तुझ्यापुढं राजाची बंदूक ठेवली तरी तू विचारशील, हिला तार कुठं बांधलीय?”

मी हे सगळं शिकले ते एका बंदुकीपायी. कुठली, ते तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण हे पत्र तुझी मुलंही कधीतरी वाचतील, आणि तू त्यांना काही सांगितलं असशील असं मला वाटत नाही.

रेइनोची बंदूक आपल्या गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानातली. बाजूला मुकुटाचा छाप. तुझी टपालानं मागवलेली, कॅटलॉगातली, तिच्यावर घुबडाचा छाप. दोन्ही एकाच साच्यातल्या बहिणी. दोघं त्यावरून एकमेकांना किती डिवचायचात! “तुझं घुबड दिवसा आंधळं असतं, तू नेम धरतोस तरी कशाला?” असं रेइनो म्हणायचा, आणि तू म्हणायचास, “तुझ्या राजानं गेल्या रविवारी झाड मारलं, ते आधी शिजवून दाखव.” तुझ्या बंदुकीत एक खोट होती. उडालेलं काडतूस आपोआप बाहेर यायचं नाही, चाकूनं उकरून काढावं लागायचं.

एकसष्टच्या डिसेंबरात तुम्ही दोघं सशांना गेलात. मी तेव्हा को-ऑपच्या बेकरीत होते, नीसू, आपला वेलदोड्याचा गोड पाव, भाजत होते. घरातून निघताना तुम्हाला कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी तू एकटाच आमच्या दारात आलास. बाबांनी दार उघडलं. मी त्यांच्या मागं उभी होते. तुझ्या एका हातात ससा होता, कोटाला रक्त लागलं होतं, आणि खांद्यावर रेइनोची मुकुटवाली बंदूक. बाबांनी तुझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्या बंदुकीकडं बघत म्हणाले, “ही रेइनोची. रेइनो कुठाय?” तू म्हणालास, “तो आला नाही का? तो देवदारांच्या दलदलीतून ससे हाकायला गेला, मी रुळांपाशी थांबलो. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. मला वाटलं इकडूनच घरी आला असेल.” “आणि बंदूक?” “त्यानंच दिली, काका. माझी सारखी अडकते. म्हणाला, तू ही घे, मी तुझी चालवतो.”

त्या रात्री जो बर्फ सुरू झाला तो थांबेचना. सगळं गाव शोधायला गेलं. तूही होतास, हे लोक नंतर विसरले. रेइनो सापडला नाही, आणि घुबडवाली बंदूकही सापडली नाही. मग बोलणं सुरू झालं. मुकुटवाली बंदूक चाललेली होती, तिच्या नळीत धुराची काजळी होती. सशासाठी, हे तू सांगितलंस, पण ऐकणार कोण? लोकांनी हिशेब मांडला तो असा, की तू आपल्या बंदुकीनं रेइनोला मारलंस, ती कुठंतरी टाकलीस आणि त्याची चांगली बंदूक उचलून आणलीस. शेरीफनं तुला बोलावून बोलावून तेच विचारलं, आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. सोडलं म्हणजे काय, गावाच्या ताब्यात दिलं. बाबा एकच वाक्य बोलायचे, “माझा पोरगा आपली बंदूक कुणाला देणार नाही.” रेइनोला त्यांच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं आणि त्याच्या या एका गोष्टीत मात्र त्यांना तो जराही कळला नव्हता. चांगली वस्तू दुसऱ्याला देऊन मोडकी आपण घ्यायची, हे तर तो लहानपणापासून करत आला होता. माझ्याशीसुद्धा. स्केट्स, सायकल, सगळं.

गिरणीतून तुला काढलं. चर्चमध्ये तुझ्या बाकावर कुणी बसेना. तुमच्या गोठ्याच्या दारावर कुणीतरी रंगानं काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. बर्फ वितळला तसा तू निघालास. बाबांनी मला बाहेर पडायची बंदी केली होती, तरी मी बसथांब्यावर आले. आठवतं? तू मला म्हणालास, “तू मला अजून एकदाही विचारलं नाहीस.” मी म्हणाले, “काय विचारायचं?” “सगळे विचारतात ते.” “मला नाही विचारायचं.” मग म्हणालास, “तर मग चल माझ्याबरोबर. आत्ता. अशीच.” माझ्या अंगात बेकरीचा अॅप्रन होता. घरी आई पलंगावरून उठत नव्हती, बाबा जेवत नव्हते. एक मूल गेलं होतं त्यांचं. मी म्हणाले, “आता नाही, आर्वो.” तू बसमध्ये चढलास आणि मी उभी होते त्या बाजूला न बसता पलीकडच्या खिडकीशी बसलास. मी तुझ्या मागून यायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. ज्याला त्याला एकच आयुष्य मिळतं, दुसरं कसं गेलं असतं ते कुणाला कळणार?

बाबांनी ती घुबडवाली बंदूक शोधायची ठरवली. गहाणाची दुकानं, लिलाव, मेलेल्या माणसांच्या घरातली विक्री, सगळीकडं जायचे. बंदूक कुठं विकलेली सापडली की तुझा खोटेपणा उघडा पडणार होता. त्यांना गाडी चालवायला जमेना तेव्हा मी चालवायला लागले. घुबड ओळखायचं तर मुकुट, गरुड, हरीण, नुसत्या अक्षरांच्या, सगळ्याच ओळखाव्या लागतात. नाव घासलेलं असलं तर स्क्रूवरून, घोड्यावरून, लाकडावरून. बाबा दाखवायचे, मी शिकायचे. आम्ही दोघं एकाच टेबलावर वाकून एकाच बंदुकीकडं बघायचो. ती सापडावी म्हणून त्यांचा जीव खालीवर व्हायचा, आणि सापडू नये म्हणून माझा. हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही. त्यांना कळलं नसेल असंही नाही. दर वेळी बंदूक उलटी करून ‘ही नव्हे’ म्हटलं की त्यांचे खांदे खाली यायचे, आणि मला गाडीत बसल्यावर गाणं म्हणावंसं वाटायचं. शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरून विचारलं, “नाहीच सापडली, होय ना?” मी म्हणाले, “नाही सापडली, बाबा.” त्या एका ‘नाही’वर मी तोवर जगत आले होते आणि ते ऐकून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

ते गेल्यावरही मी थांबले नाही. वर्नरला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. तो लिलावाला मला न्यायचा, बाहेर गाडीत वर्तमानपत्र वाचत बसायचा, आणि मी आले की विचारायचा, “काय गं, दिसलं का घुबड?” “नाही.” “बरं झालं,” म्हणायचा आणि गाडी सुरू करायचा. दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं हे केलं असतं, मला सांग. पुढं पुढं घुबडं दिसलीही. पुष्कळ विकली गेली होती ती. पण तुझी नव्हती. कशावरून, ते पुढं सांगते.

या उन्हाळ्यात पाऊसच नव्हता. कड्याच्या पलीकडं, ऑटर ओढ्याच्या वरच्या अंगाला बीव्हरांनी बांध घालून जे तळं केलं होतं, त्याचा बांध वसंतात फुटला आणि उरलेलं पाणी उन्हानं आटलं. ऑगस्टमध्ये देवदार तोडणाऱ्या माणसांना तिथल्या काळ्या चिखलात आधी एक बूट दिसला. आर्वो, तो रेइनो होता. त्याच्या दातांवरून नक्की झालं. बाकीचं मी लिहीत नाही. त्याच्या अंगाखाली एक बंदूक होती, पट्ट्यानं खांद्याला अडकलेली.

शेरीफच्या ऑफिसातली एक मुलगी, नोरा वेस्टमन, माझ्या घरी आली. तिला जुनं प्रकरण माहीत नव्हतं, फाइल वाचून आली होती. म्हणाली, “मिसेस हिल्टुनेन, तुम्हाला या जुन्या बंदुका कळतात असं सगळे सांगतात. पण तुमचा भाऊ आहे. नको वाटलं तर नाही म्हणा. आम्ही बाहेरून कुणाला बोलावू.” मी म्हणाले, “बाहेरच्याला काय कळणार? चल.” तिथं टेबलावर पांढऱ्या कागदावर ती ठेवली होती. छाप गंजून गेलेला, नावाचं एक अक्षर नाही. मार्क्वेटच्या पोलीस प्रयोगशाळेनं लिहिलं होतं, की ही आमच्या घरी असलेल्या रेइनोच्या बंदुकीच्याच नमुन्याची आहे आणि यापलीकडं सांगता येत नाही. खरंच होतं ते. मी खुर्ची ओढून बसले, आणि तिला एकेक दाखवलं. मुकुटवाल्या बंदुकीचं नळीखालचं लाकूड हिसका दिला की सुटतं, हिचं स्क्रूनं बसवलेलं आहे. त्या कारखान्यानं स्क्रू फक्त कॅटलॉगवाल्याच्या मालाला लावला, जुने भाग संपवायला. चापाभोवतीची पट्टी मुकुटावर ओतीव असते, ही पत्रा वाकवून केलेली आहे. दलदलीच्या पाण्यानं लाकूड टिकलं होतं. एका कडेला पात्यानं जरा खरवडलं तर आत फिकट बर्च. रेइनोची खऱ्या अक्रोडाची होती. ही घुबड होती.

नोरा लिहीत होती. म्हणाली, “पण घुबडं बरीच असतील ना? ही त्याचीच कशावरून?” तेव्हा मी नळीच्या टोकाकडं बोट केलं. नेम धरायचा मणी पितळेचा असतो, तो गंजत नाही. तिथला मणी किंचित मोठा होता आणि त्याला आरपार बारीक भोक. तुझा मूळ मणी पडून हरवला होता तेव्हा मी माझ्या हातातल्या साखळीचा एक काढून दिला होता आणि तू तो डाग देऊन बसवला होतास. नोरानं विचारलं, “हा कुणी बसवला?” मी म्हणाले, “ज्याची बंदूक त्यानं. मणी माझा आहे.” घरून साखळी आणून दाखवली, तिचे बाकीचे मणी शेजारी ठेवले. नोरानं पेन खाली ठेवलं.

रेइनोजवळ तुझी बंदूक होती, आर्वो. त्यानं तुला त्याची दिली होती. तू पहिल्या दिवशी दारात उभा राहून जे सांगितलंस ते सगळं अक्षरशः खरं होतं. बंदुकीत काडतूस होतं, त्याच्या बुडाशी जिथं घोडा आपटतो त्या टोपीवर ओरखडासुद्धा नव्हता. तो गोळी झाडायच्या आधीच गेला. सशाच्या मागं कड्यापलीकडं उतरला असणार, आणि पातळ बर्फाखाली तळं आहे हे त्याला दिसलं नसणार.

आणखी एक. हे तुला इतकी वर्षं खात असेल असं मला वाटतं, म्हणून मी नोराला ते करून बघायला लावलं. मी रुळांपाशी उभी राहिले, तू थांबला होतास तिथं. नोरा कडा ओलांडून तळ्यापाशी गेली आणि फोनवर मला म्हणाली, “आता ओरडते हं.” ती ओरडली. पुन्हा ओरडली. तरणी मुलगी, खणखणीत आवाज. मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा तिचा घसा बसला होता. रेइनोनं तुला हाक मारली असेल, नसेल, ते देवाला ठाऊक. पण मारली असती तरी तुला ऐकू येणं शक्य नव्हतं. हे वाक्य दोनदा वाच.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. बेपत्ता तरुणाचे अवशेष, घातपात नाही. तुझं नावसुद्धा नाही. मला इतका संताप आला की मी कोट चढवून सांगायला निघाले. पण कुणाला सांगू? पेट्रोल पंपावरच्या मुलाला म्हणाले, “आर्वो लाहतिनेननं काही केलं नव्हतं, बरं का.” तो म्हणाला, “कोण, मॅम?” तुझ्या बाकावरून उठून गेलेले सगळे आता चर्चच्या मागं दगडांखाली आहेत. उरली ती फक्त हिल्या, न्हाव्याची बायको. आठवते ना? सगळ्यात जास्त तीच बोलली होती, दुकानात तुझ्या तोंडावर बोलली होती. वृद्धाश्रमात असते. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, चांगली धारदार. म्हणाले, “हिल्या, मी आर्वोबद्दल सांगायला आलेय.” तिचा चेहरा एकदम उजळला. “आर्वो? इर्माचा भाऊ? किती गुणी पोरगा गं. माझी लाकडं फोडून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. कुठं असतो आता? बरा आहे ना?” मी म्हणाले, “बरा आहे.” तिनं माझा हात थोपटला. जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन मी परत आले, आणि गाडीत बसून आयुष्यात रडले नव्हते तशी रडले.

शेरीफच्या ऑफिसातून तुला एक पाकीट येईल. त्यात काय आहे ते तुला कळलंच आता. पण मी हे लिहितेय ते तेवढ्यासाठी नाही. तू निर्दोष आहेस हे तुला सांगायची काय गरज, तुला ते पहिल्यापासून माहीत होतं. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रेइनोला आई-बाबांच्या शेजारी ठेवायचं आहे. जमीन गोठायच्या आत करायला हवं. काल नवीन पास्टर घरी आले होते, तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी विचारलं, “रेइनो कसा होता? मी काय बोलू त्याच्याबद्दल?” मी सांगायला लागले आणि लक्षात आलं, की त्या दिवशी तिथं जमणाऱ्यांत त्याचा आवाज ऐकलेली मी एकटी असेन. पेटी उचलणारे माझे नातू, त्यांनी त्याचा फोटो पाहिलाय. आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली, जी या गावात कुणालाच कधी दिसली नाही. त्या डिसेंबरात आमचा रेइनो गेला तसा तुझाही मित्र गेला होता. लोकांनी तुला उलटसुलट विचारलं, तुझ्यावर थुंकले, पण तुझ्या खांद्यावर हात ठेवून ‘वाईट झालं रे’ असं एकही माणूस म्हणाला नाही. तुला कुणी रडू दिलं नाही. म्हणून मी म्हणते आहे, आर्वो. वाईट झालं रे. फार वाईट झालं. प्रवास झेपणार असेल तर ये, माझ्याशेजारी उभा राहा, आणि त्याच्यासाठी रड. झेपणार नसेल तर तिथंच, कुणी बघत असलं तरी, रडून घे.

तुझीच,
आयली